बिनभिंतीच्या बाई

आमच्या घराला आतलं दार एकच आहे, न्हाणीघराचं. तेसुद्धा सासूबाईंनी नाइलाजाने बसवलं. "मी अडून बसलो म्हणून," सासरे होते तोवर सांगायचे, "नाहीतर हिनं तिथेही एक मोठी कुंडी ठेवून भागवलं असतं."

बाकी सगळं घर म्हणजे एक लांबच लांब खोली. वर सपाट काँक्रीटचं छत, खाली काळसर दगडी फरशी. मधल्या दोन पायऱ्या उतरलं की स्वयंपाकाची जागा, चढलं की बैठक. खिडक्या इतक्या खाली की जमिनीवर बसलेल्यालाही झाडाचं खोड दिसावं. झोपायच्या जागा कपाटांमागे, आणि कपाटं छताला न टेकणारी. लग्न होऊन आले तेव्हा मी नवऱ्याशी कितीतरी दिवस खुणांनीच बोलत होते. तो मात्र खणखणीत आवाजात विचारायचा, "काय झालं? बोलत का नाहीस?" आणि पलीकडून सासूबाई म्हणायच्या, "अरे, लाजतेय ती!" या घरातली माणसं कुजबुजायला शिकलीच नव्हती.

सासूबाई घरं बांधायच्या. आता लोक त्यांना भलीमोठी विशेषणं लावतात, पण कामावरचे गवंडी त्यांना बिनभिंतीच्या बाई म्हणत, आणि त्यांना तेच नाव आवडे. शिक्षण झाल्यावर एका कार्यालयात त्यांना दुसऱ्यांच्या इमारतींचे जिने काढायला बसवलं होतं. बाईमाणसाची रेघ नाजूक, कठड्याला बरी पडते, असं तिथल्या साहेबांचं मत. कठडे काढून काढून वीट आला तेव्हा त्यांनी स्वतःचं टेबल मांडलं. पहिलं घर थोरल्या बहिणीचं बांधलं. दुसरं कोण त्यांना काम देणार होतं?

त्यांची एक पद्धत होती. रिकाम्या प्लॉटवर फक्कीच्या पांढऱ्या रेघांनी खऱ्या मापाचं घर आखायचं, आणि ज्यांचं घर त्या सगळ्या कुटुंबाला दिवसभर त्या रेघांच्या आत राहायला लावायचं. स्टोव्ह असेल तिथे स्टोव्ह, म्हातारीची खुर्ची असेल तिथे म्हातारी. स्वतः बाजूला दगडावर बसून बघत राहायच्या. कोण कुणाला हाक मारतं, कुणाची हाक पोचत नाही, कोण एकटं पडतं. एखादा चुकून रेघ ओलांडून गेला की ओरडायच्या, "अहो, भिंतीतून काय चाललात? भूत आहात का?" आणि संध्याकाळ झाली की चपलेच्या टाचेने एकेक रेघ पुसत जायच्या. ही नको. हीसुद्धा नको. शेवटी बाहेरच्या तेवढ्या उरायच्या.

लोक हसले. गोदाम म्हणाले, आगगाडीचा डबा म्हणाले. "या घरात रुसून बसायचं कुठे?" त्यांच्या एका नणंदेने विचारलं होतं. "रुसूच नका, जागाच ठेवलेली नाही," सासूबाईंनी सांगितलं होतं.

एवढा भिंतींवर राग का, ते मला एकदा भाजी निवडताना कळलं. त्यांच्या आईचा जन्म एका अंधाऱ्या स्वयंपाकघरात गेला. बाहेरच्या खोलीत पाहुणे बसत, गप्पा होत, हसण्याचा गडगडाट होई. भिंतीआड आईला नुसता आवाज यायचा. "काय गं झालं, काय म्हणाले?" असं ती मुलीला विचारायची. मुलगी धावत जाऊन विचारून येईपर्यंत विनोद शिळा झालेला असायचा. "आई आयुष्यभर शिळं हसली," सासूबाई म्हणाल्या, आणि देठ मोडत राहिल्या.

पुढे त्यांची बरीच घरं झाली. मासिकांत फोटो आले, लांबून विद्यार्थी यायला लागले. पण घरं बांधून दिली की ती आपली राहत नाहीत. कुणी मुलाच्या परीक्षेसाठी एक भिंत घातली, कुणी सून आली म्हणून दुसरी. काही घरं पाडून तिथे टॉवर आले. सासूबाई कधीमधी एखादं जुनं घर बघून यायच्या आणि त्या दिवशी जेवताना कुणाशी बोलायच्या नाहीत. जसं बांधलं तसं उभं राहिलेलं घर आता एकच, आमचं.

ठकी झाली तेव्हा मीसुद्धा भिंत मागितली. ठकी म्हणजे माझी मुलगी, लाकडी ठकीबाहुलीसारखी हातपाय ताठ करून झोपायची म्हणून आजीनेच ठेवलेलं नाव. बाळंतपणाने मी पार विस्कटले होते. दूध येत होतं, रडू येत होतं, आणि दोन्ही सगळ्यांसमोर. "अहो आई," मी म्हटलं, "एक लहानशी भिंत घालू या ना. माझ्यापुरती."

मला वाटलं, झालं, आता भाषण. पण त्या म्हणाल्या, "भिंत घेऊन काय करशील, वेडे? तुला आडोसा हवाय." आणि आपली सत्तरी विसरून त्यांनी पुस्तकांची उंच लाकडी घोडी स्वतः ढकलायला सुरुवात केली. थोडी तिरकी केली, मागे खुर्ची ठेवली, मला बसवलं, पुन्हा वीतभर सरकवली. मी कुणाला दिसत नव्हते. मला मात्र खिडकीतलं खोड दिसत होतं, आणि स्वयंपाकाच्या जागेतून नवरा कसला तरी विनोद सांगत होता तोही ऐकू येत होता.

"भिंतीआडचं माणूस एकटं पडतं," त्या म्हणाल्या. "आडोशाआडचं नाही. कळलं?"

कळलं होतं. त्या घोडीमागे मी ठकीला पाजत बसायचे आणि माझं मन निवायचं.

ठकी बसायला लागली त्या सुमारास सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, आणि बोलणं गेलं. एक शब्द तेवढा राहिला. दवाखान्यात शुद्धीवर आल्या, डावा हात अंगावरच्या चादरीकडे नेला आणि स्पष्ट म्हणाल्या, "आडोसा."

नवरा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. "बघितलंस? सगळं गेलं, पण तिचं काम नाही गेलं."

घरी आणलं तेव्हा त्यांचा दवाखान्यातल्यासारखा दांड्यांचा पलंग कपाटामागे मावेना. कूस बदलायला, पुसायला दोन्ही अंगांनी जागा लागते. म्हणून पलंग बैठकीत, अगदी मधोमध. घरात कुठूनही बघा, सासूबाई दिसतात. त्यांना सांभाळायला मावशी येतात, तोंडाने फटकळ आणि हाताने मऊ. पहिल्याच दिवशी त्यांनी घरभर नजर फिरवली आणि मला विचारलं, "ताई, भिंती घालायच्या राहिल्यात का?"

मी दवाखान्यात असतो तसा चाकांचा कापडी पडदा आणला. मावशी तो ओढून घ्यायच्या आणि मग हळूच म्हणायच्या, "चला आजी, आता आपण दोघीच." सासूबाईंचा चेहरा सैल पडायचा. पण दारावर सारखं कुणीतरी असायचं. आजारपण कळल्यापासून जुने विद्यार्थी, मासिकवाले, कधी न भेटलेली माणसं येत होती. बेल वाजली की नवरा पडदा दुमडून ठेवायचा. आईच्या घरात ते दवाखान्याचं हिरवं कापड त्याला बघवत नसे. पाहुणे पलंगाभोवती उभे राहायचे. सासूबाई त्यांच्याकडे बघून म्हणायच्या, "आडोसा." आणि पाहुण्यांचे डोळे भरून यायचे.

"अरे, त्या मागतायत," मी एकदा नवऱ्याला म्हटलं.

"काय मागतेय?"

"आडोसा."

"अगं, ती सांगतेय, मागत नाहीये. जन्मभर हेच सांगत आली."

"विचारून तर बघ."

तो पलंगाशी बसला. त्यांचा चांगला हात हातात घेतला. "आई, तुला भिंत हवी का? बांधू?"

त्यांनी त्याच्याकडे बघितलं. ओठ हलले, दुसरा कुठलातरी शब्द शोधत राहिले, आणि शेवटी तोच सापडला. "आडोसा."

तो माझ्याकडे वळला. "बघ. भिंत नको म्हणतेय."

त्याला त्यांनीच तसं शिकवलं होतं.

त्यातच रस्ता रुंद करायचं निघालं. आमचं घर त्या रेघेत येत होतं. वाचवायचं तर एकच उपाय होता: जुन्या वास्तू जपणाऱ्या समितीने हे घर राखीव ठरवायचं. नवरा नोकरी सांभाळून खेटे घालत होता. त्याचा चेहरा उतरला होता, ठकीसुद्धा त्याला ओळखेनाशी झाली होती. अखेर समिती बघायला येणार असं ठरलं. घर मूळच्या फोटोंबरहुकूम असायला हवं होतं. त्या सकाळी त्याने पुस्तकांची घोडी सरळ करून जुन्या जागी लावली. माझी खुर्ची उघडी पडली. आणि चाकांचा पडदा उचलून गच्चीत नेऊन ठेवला.

"तासाभराचा प्रश्न आहे," तो म्हणाला. "मग हवं ते लाव."

समितीचे अध्यक्ष उंच, हळू बोलणारे गृहस्थ होते. ते सासूबाईंच्या पलंगाशी वाकून म्हणाले, "बाई, तुमच्या घरांवर आम्ही मोठे झालो." त्यांच्यामागे फोटोवाला आणि टिपणं घेणारी दोन मुलं होती. छान चाललं होतं. आणि एकाएकी मावशींनी नाकाला पदर लावला. मग मलाही वास आला.

"ताई, पडदा कुठाय?"

"गच्चीत."

"आता काय करू? यांना असंच कसं ठेवू?"

पाहुण्यांना बाजूला न्यायची सोय नव्हती. बाजूला म्हणजे कुठे, सगळं एकच तर घर. मी कपाटातून दुहेरी चादर ओढली, दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरली आणि पलंगापुढे उभी राहिले. माझ्या पाठीमागे मावशींचं काम सुरू झालं. पलीकडच्या टोकाला पाळण्यात ठकी उठली. तिने मला बघितलं आणि हात पसरून रडायला लागली. मी हात खाली घेतले असते तर सासूबाई उघड्या पडल्या असत्या. नवरा ठकीकडे धावला, पण तिला तो नको होता. ती माझ्याकडे बघून किंचाळत होती आणि मी तिच्यापासून दहा-बारा पावलांवर चादर धरून होते.

पाहुणे सभ्य माणसं. सगळ्यांनी एकदम वर बघायला सुरुवात केली. "छताची जाडी बघा," अध्यक्ष म्हणाले. "मध्ये एकही खांब नाही." दोन्ही मुलं वर बघत लिहीत होती.

"आडोसा!" माझ्या मागून आवाज आला. मग पुन्हा, मोठ्याने, "आडोसा! आडोसा!" आवाज फाटला होता.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "या अवस्थेतसुद्धा," ते म्हणाले. "किती ठाम!"

"अहो, त्या मागतायत," मी म्हणाले. ठकीच्या रडण्यात ते कुणाला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. अध्यक्षांनी माझ्याकडे बघून आदराने मान हलवली. चादरीचा एक कोपरा खाली आला. मी तो वर घेतला, तर दुसरा आला.

घर वाचलं. दारावर पितळी पाटी लागली आणि रस्ता दुसरीकडून वळवला. अटी दोन होत्या. आतलं काहीही बदलायचं नाही, आणि आठवड्यातून एक सकाळ घर बघायला येणाऱ्यांसाठी उघडं ठेवायचं. त्या वेळी मांडणी फोटोंप्रमाणे हवी. नवऱ्याने पलंगाचं विचारलं. तर समितीवाले म्हणाले, पलंग राहू द्या की, खुद्द बाई तिथे आहेत हे लोकांना आवडेल.

त्या दिवशी तो पायऱ्यांवर बसून राहिला. मी जवळ गेले. "मग काय करायचं होतं मी?" तो म्हणाला. "घर पडू द्यायचं? सांग ना. मग तिला कुठे ठेवलं असतं?"

मी त्याच्या शेजारी बसले. पलंगावरून सासूबाई आम्हा दोघांकडे बघत होत्या. त्यांना सगळं ऐकू जात होतं. तसंच तर बांधलं आहे हे घर.

ठकीला सध्या एकच खेळ येतो. लंगोट, रुमाल, जे सापडेल ते डोळ्यांवर ओढते आणि समजते की आपण नाहीशा झालो. उघडी बोडकी, सगळ्यांसमोर बसलेली, पण डोळे झाकलेले. मग फडकं काढते आणि ओरडते, "कुक!" आजीच्या पलंगाशेजारच्या सतरंजीवर हा खेळ चालतो. आजी मान वळवून एकटक बघते. मावशी म्हणतात, "बघा ताई, नातीकडून काहीतरी शिकतायत."

आज ती सकाळ होती. मावशींनी लवकर येऊन सासूबाईंना पुसलं, केस विंचरले, धुतलेला गाऊन घातला. नवऱ्याने पडदा गच्चीत नेला. जाताना माझ्याकडे बघितलं नाही. फाटकाशी माणसं जमली होती. मी ठकीला कडेवर घेऊन पलंगाशी उभी होते, चादर घडी करून हाताशी ठेवली होती. लागलीच तर.

बेल वाजली. पावलं आत आली. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "त्या बघ, त्याच."

सासूबाई या वेळी काही बोलल्या नाहीत. त्यांचा डावा हात चादरीवरून निघाला, छातीपाशी थांबला, पुन्हा वर चढला. मला वाटलं, नमस्कार करतायत. हात चेहऱ्यापर्यंत पोचला. त्यांनी तो आपल्या डोळ्यांवर आडवा ठेवला, घट्ट.

ठकी माझ्या कडेवरून पुढे झुकली. खुदखुदून हसली. "कुक!" तिने आजीला हाक मारली. "कुक!"

आजीने हात काढला नाही.