काचेवरची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. लोक मला व्हीलचेअर म्हणतात. माझे रेक्झिन दोन ठिकाणी शिवलेले आहे, डावा ब्रेक सैल झाला आहे आणि पुढचे एक चाक चालताना कुईकुई करते. वय झाले की राग कमी होतो असे म्हणतात. माझा काही झालेला नाही. माझा विश्वासघात झाला आहे आणि तो मी तुम्हाला अगदी पहिल्यापासून सांगणार आहे.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. नळ्या वाकवणाऱ्या कारागिराने मला जोडले आणि दहा वेळा उघडून मिटून पाहिले. माझी बैठक मधोमध धरून वर ओढली की माझ्या दोन्ही बाजू जवळ येतात आणि मी एवढीशी होते. तो शेजारच्याला म्हणाला, "हिची घडी बघ. कपाटामागंसुद्धा राहील, कुणाला अडचण नाही." माझ्या आयुष्यातले हे पहिले कौतुक. कुणाला अडचण न होणे हाच आपला मोठा गुण, असे मी तेव्हापासून धरून चालले.

सुरुवातीची वर्षे मी एका दुकानात होते. तिथून आजारी माणसांना वस्तू भाड्याने मिळत. कुणी मला महिन्यासाठी नेई, कुणी दोन महिन्यांसाठी. मी परत आले की नेणाऱ्यांचे चेहरे खुललेले असत, कारण घरातले माणूस चालू लागलेले असे. मला कुणी ठेवून घेत नसे आणि त्याचे मला वाईटही वाटत नसे.

मग मी आत्याकडे गेले. आत्या म्हणजे माझी नव्हे, घरातल्या भाच्याची. पण मीही तिला आत्याच म्हणते. तिने तीस वर्षे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी शिकवली होती. शेजारच्या सीटवर बसून, पाय स्वतःच्या ब्रेकवर ठेवून, तिने अर्ध्या गावाला रस्त्यावर आणले होते. भाऊ आणि वहिनी लवकर गेल्यावर भाच्याला तिनेच वाढवले आणि गाडीही तिनेच शिकवली. तो क्लचवरचा पाय कधी पुरता काढत नसे, म्हणून ती त्याला 'हाफ क्लच' म्हणायची. तो मोठा झाला, नोकरीला लागला, लग्न झाले, एक मुलगी झाली, तरी तिच्या तोंडी तेच नाव राहिले.

घसरून पडल्यामुळे आत्याची कंबर मोडली होती. महिना संपला तेव्हा डॉक्टरांनी ती आता चालणार नाही असे सांगितले. दुकानदार मला न्यायला आला, तेव्हा ती म्हणाली, "हिला आता नेऊ नका. आम्ही दोघी एकमेकींच्या झालो." त्या दिवशी मला ऊर भरून येणे म्हणजे काय ते कळले.

घर तळमजल्यावर होते. दाराच्या दोन पायऱ्यांवर एक फळी टाकली आणि आम्ही अंगणात, गल्लीत फिरू लागलो. पण आत्याचा जीव मैदानात होता. गावाबाहेरच्या मैदानावर तिच्या स्कूलच्या गाड्या शिकत असत. आता ते स्कूल तिचाच एक जुना विद्यार्थी चालवत होता. त्याने निरोप पाठवला होता, "बाई, दर शनिवारी नव्या पोरांना तासभर तुम्हीच सांगा. खुर्चीत बसून सांगा, पण तुम्ही या." मैदान पायी जाण्याच्या अंतरावर नव्हते. भाचा म्हणाला, "आत्या, आपण गाडी घेऊ. लहानच, परवडेल अशी. मला रोज कामावर जायला होईल आणि शनिवारी तुला मैदानावर." आत्या त्या दिवशी दोन घास जास्त जेवली.

मित्रांनो, त्यानंतरचा आठवडा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मानाचा. भाड्याची मोठी गाडी करून आम्ही सगळे एका शोरूममधून दुसऱ्या शोरूममध्ये गेलो, आणि प्रत्येक ठिकाणी गाडीचे माप मी होते. "आधी हिला डिकीत बसवून दाखवा," आत्या म्हणायची, "मग तुमचा रंग आणि संगीत दाखवा."

पहिली गाडी लाल आणि उंच होती. आत चढताना आत्याला तिघांनी धरावे लागले. डिकी अशी उथळ की माझा अर्धा भाग बाहेर. विक्रेता म्हणाला, "चाकं काढली की बसते, काकू."

"तुमचे पाय काढले की तुम्हीही बसाल," आत्या म्हणाली.

दुसरी निळी. तिच्यात टीव्हीएवढा पडदा होता. भाचा त्या पडद्यावरून बोट फिरवत राहिला आणि भाचेसून त्याच्या खांद्यावरून वाकून बघत राहिली. आत्याने भाच्याला गल्लीत दोन फेऱ्या मारायला लावल्या. क्लच जड होता. मागची काच इतकी लहान की तिच्यातून एक मांजरसुद्धा धड दिसले नसते.

"मागं बघायला कॅमेरा आहे ना, काकू," विक्रेता म्हणाला.

"त्याच्यावर चिखल उडाला की?"

"पुसायचा."

"कुणी? चालत्या गाडीत?" आत्याने विचारले, आणि विक्रेत्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. मागची अर्धी सीट पाडली तर मी त्या गाडीत मावत होते. पण मग भाचेसून आणि मुलगी कुठे बसणार, हे कुणाला सांगता येईना.

तिसरी पांढरी. दिसायला अगदी साधी, साबणाच्या वडीसारखी. पण तिचे दार भिंतीला टेकेल इतके उघडले आणि तिची सीट माझ्या बैठकीच्या बरोबरीला आली. आत्या माझ्यावरून सरकून एकटीच तिच्यात गेली. कुणी हात लावला नाही. गाडी अरुंद गल्लीत एका दमात वळली. आत्याने भाच्याला उलटी गाडी घ्यायला लावली आणि सवयीने ओरडली, "आरसा बघ, हाफ क्लच!" परत आल्यावर त्यांनी माझी घडी घातली, डिकीत सरकवले आणि झाकण लावले. झाकण टक्कन बसले.

आत काळोख होता आणि नव्या गालिच्याचा वास होता. मला तिथे अगदी आपल्या घरात आल्यासारखे वाटले. पुढच्या सीटवरून आत्याने टपावर थाप मारली. "मावलीस गं?" मग तिचा आवाज आला, "हीच घ्यायची. हिच्याशिवाय दुसरी नको."

त्या काळोखात मी आणखी एक बोलणे ऐकले. आत्या पुढे सीटवर बसलेली असताना विक्रेता आणि भाचा गाडीच्या मागेच उभे होते. "ही पेट्रोलवरची," विक्रेता हळूच म्हणाला. "हीच गॅसवर घेतलीत तर रोजचं जाणं-येणं फार स्वस्त पडेल. फक्त टाकी मागं बसते." भाच्याची बोटे झाकणावर वाजत राहिली. मग तो म्हणाला, "बघू." त्या शब्दात मला काही वावगे वाटले नाही. टाकी मागे बसते म्हणजे कुठे बसते, हे मला, डिकीतच पडलेल्या मला, कळले नाही.

मग कागद झाले. खुर्चीवर बसणाऱ्या माणसाच्या नावावर गाडी घेतली तर करात सूट होती, म्हणून गाडी आत्याच्या नावावर घ्यायचे ठरले. एका कार्यालयात आमचा फोटो काढला. आत्या माझ्यावर बसलेली, केस नीट विंचरलेले. फोटोवाला म्हणाला, "खुर्ची पूर्ण येऊ द्या, खुर्ची महत्त्वाची आहे." मित्रांनो, मी फुगून गेले. सहा सह्या झाल्या आणि शेवटी एक निळे, गोल चिकटचित्र मिळाले. त्यावर मी होते. म्हणजे चार रेघांत काढलेली, पण मीच. ते गाडीच्या मागच्या काचेवर लावायचे, म्हणजे कुठेही दाराजवळची राखीव जागा मिळते.

पांढरी गाडी घरी आली तो शनिवार होता. आत्या सकाळपासून तयार होऊन माझ्यावर बसली होती. मांडीवर तिची जुनी शिट्टी होती. भाच्याने काचेवर चित्र लावले, तळहाताने घासले. आत्या सीटवर सरकली आणि म्हणाली, "चल, आधी मैदानावर. पोरं वाट बघत असतील." भाच्याने माझी घडी घातली, उचलले आणि डिकी उघडली.

आत टाकी होती. लठ्ठ, आडवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पट्ट्यांनी आवळलेली. तिच्यापुढे एक छत्री राहिली असती.

भाच्याने मला हातात तसेच धरून ठेवले. तो दचकला नाही, आणि तेच मला लागले. त्याला माहीत होते. सहा सह्या होताना माहीत होते, फोटो काढताना माहीत होते, मला उचलतानाही माहीत होते.

"काय झालं रे?" आत्याने पुढून विचारले.

"गॅसवाली घेतली, आत्या. रोजचं परवडायला नको का?"

"डिकीचं काय?"

"बघू ना काहीतरी. मागच्या सीटवर ठेवू."

मागच्या सीटवर ठेवून पाहिले. माझे एक चाक पुढच्या सीटला टेकले, दुसरे दाराबाहेर राहिले. भाचेसून म्हणाली, "अहो, नवीन सीट आहे, ग्रीस लागेल." भाच्याने मला उतरवून व्हरांड्यात भिंतीशी टेकवले. "टपावर कॅरिअर बसवून घेतो, आत्या. याच आठवड्यात. आज तू गाडीत बसूनच बोल."

गाडी फाटकातून बाहेर पडली. मागच्या काचेवर माझे चित्र होते. केसाने गळा कापणे हा शब्दप्रयोग मी पूर्वी नुसता ऐकला होता.

मैदानावर काय झाले ते मला संध्याकाळी कळले. आत्या माझ्यावर बसली आणि पदराने शिट्टी पुसत राहिली. "तो धावत आला गं काचेपाशी," ती म्हणाली. तो म्हणजे स्कूल चालवणारा. "म्हणाला, बाई, उतरा ना, पोरांनी सावलीत सतरंजी घातलीय. मी म्हटलं, आज कंबर भरून आलीय, आज नको. खोटं बोलले मी. हाफ क्लचला चार लोकांत कमीपणा नको म्हणून." माझा डावा ब्रेक ती उगाच लावत आणि काढत होती.

कॅरिअर त्या आठवड्यात बसले नाही. पुढच्याही नाही. "बसवू, बसवू," भाचा म्हणे आणि मोजे घाली. आत्या दोनदा गाडीत बसूनच मैदानावर गेली आणि तिसऱ्या शनिवारी नको म्हणाली. महिन्याभराने स्कूलवाल्याचा फोन आला. तो फार अवघडून बोलत होता. शनिवारचा तास त्याने दुसऱ्या कुणाकडे दिला होता. "बरं केलंस," आत्या म्हणाली, "पोरांचं नुकसान नको." फोन ठेवून तिने शिट्टी कपाटात ठेवली आणि मला खिडकीकडे वळवले.

माझा राग आधी त्या पांढऱ्या गाडीवर होता. रात्रंदिवस मी तिला नावे ठेवली. मग वाटले, तिची काय चूक? तिच्या पोटात ती टाकी तिला विचारून बसवली होती थोडीच! गाडी खरोखर चांगली होती. रोज सकाळी एका आवाजात सुरू व्हायची. भाचा खूश होता. आणि जेवताना घरात एकच कौतुक चाले. बाजारात इतकी गर्दी, पण अगदी दारापाशी जागा मिळाली. कार्यालयात साहेबांची गाडी लांब आणि आपली जिन्यापाशी. भाचेसून हसून म्हणाली, "चित्राचा फार उपयोग होतो हो." आत्याचा घास हातातच राहिला. तिची पाठ माझ्या पाठीला टेकलेली होती आणि ती किती ताठ झाली हे मला कळले.

त्या रविवारी भाचा अंगणात गाडी धूत होता. आत्याने मला फळीवरून खाली घेतले आणि थेट गाडीच्या मागे नेऊन उभे केले. पहिल्यांदाच मी माझ्या चित्रासमोर आले. ते स्वच्छ होते, चकचकीत होते. माझ्यासारखे कुठे शिवलेले नव्हते.

"बादली इकडं दे," आत्या म्हणाली.

भाच्याला वाटले, ती काच पुसणार. त्याने बादली दिली. आत्याने चित्रावर पाणी मारले, थोडा वेळ थांबली आणि नखाने त्याची कड उचलायला लागली. घाई नाही, राग नाही. नवशिक्याला पहिला गिअर शिकवावा तशी सावकाश.

"आत्या, काय करतेस? ते अधिकृत आहे!"

"माहीत आहे. माझ्याच सह्यांनी आलंय."

"अगं पण... मग गाडी कुठं लावू मी?"

"लांब लाव आणि चालत जा," आत्या म्हणाली. "पाय आहेत तुला."

भाच्याच्या हातातल्या नळीतून पाणी त्याच्याच चपलांवर पडत राहिले. तो म्हणाला, "कॅरिअर उद्याच..." आत्या त्याच्याकडे बघत होती, रागाने नाही. तीस वर्षांत तिने किती जणांना नापास होताना पाहिले असेल, त्यातल्याच एकाकडे बघावे तशी. तिने पहिल्यांदाच त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली आणि सांगितले, "नळ बंद कर. पाणी वाया जातंय."

ते चित्र आता माझ्या पाठीवर आहे. काढताना जरा चुरगळले, एक कोपरा फाटला, पण चिकटले आहे. आत्या हातांनी माझी चाके फिरवत रोज गल्लीच्या टोकापर्यंत जाते. तिथे आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघतो. कुणी आरसा न बघता वळला की ती आपोआप ओरडते. मैदान तिथून फार लांब आहे.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी गाडी घ्यायला जाल. लाल बघा, निळी बघा, पांढरी बघा. पडदा बघा, क्लच बघा, रोजचा खर्चही बघा, त्यात काही वाईट नाही. पण घरातल्या एखाद्या माणसाला पुढे बसवून, त्याला दाखवून, त्याच्याकडून 'हीच' म्हणवून घेतले असेल, तर गाडी घरी आणण्याआधी एकदा डिकी उघडून बघा. आणि त्या माणसाला जागा नसेल, तर निदान त्याचे चित्र तरी काचेवर लावू नका.