वन्संच्या हातावरचा सुगंध

देवाने नाकबाईंना नाक दिलं ते लाखात एक, आणि कातडी दिली ती मात्र टिपकागदासारखी. कुठलाही सुगंध लावा, तासाभरात पिऊन मोकळी. सुगंध तयार करणाऱ्या बाईची ही केवढी पंचाईत! त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकापुरतंच उरलं होतं. कंपनीत दारावरच्या माणसापासून साहेबांपर्यंत सगळे नाकबाई म्हणत, आणि त्यांनाही ते आवडायचं.

कागदाच्या पट्टीवर सुगंध कसा येतो याला फारसा अर्थ नसतो. अंगावर तो दुपारी कसा होतो आणि संध्याकाळी त्यातलं काय उरतं, ते बघावं लागतं. त्यासाठी हात लागतो. तो होता नाकबाईंच्या नणंदेचा.

वन्सं गाडी चालवायला शिकवत. दिवसभर अनोळखी माणसांच्या शेजारी बसून "ब्रेक! अहो, ब्रेक!" असं ओरडायचं काम, त्यामुळे घरीही आवाज त्याच पट्टीतला. मीठ मागितलं तरी शेजारचे दचकत. अठरा वर्षं त्या भाऊ-वहिनीकडे राहत होत्या आणि अठरा वर्षं सकाळी निघताना हात पुढे करत होत्या. नाकबाई मनगटावर दोन थेंब लावत आणि संध्याकाळी तोच हात नाकाशी धरून वहीत टिपणं करत. नाकबाईंचा नवरा या दोघींच्या मध्ये कधी पडला नाही. कमी ऐकू येण्याचं सोंग त्याला चाळिशीतच साधलं होतं.

आणि आता चौपन्नाव्या वर्षी वन्संचं लग्न ठरलं होतं. नवरदेव दाताचा डॉक्टर, गाडीच्या परीक्षेत तीनदा नापास झालेला. आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला लावून गप्प बसवणारा माणूस. आता त्याची पाळी होती.

लग्न पंधरा दिवसांवर आलं, त्याच सुमाराला कंपनीत एक मोठं काम आलं. सौंदर्यप्रसाधनांची बरीच दुकानं असलेल्या एका मालकीणबाईंना नवा सुगंध हवा होता. "बाई कशी हवी? गूढ. अबोल. थंड," त्या म्हणाल्या. साहेबांना वाटलं, हे तर नाकबाईंच्या हातचा मळ. नाकबाई स्वतःच दिवसाकाठी वीस वाक्यं बोलत.

पण दोन नमुने परत आले. "फार ऊबदार आहे," एवढाच शेरा. तिसराही परत आला तर काम दुसऱ्या शाखेकडे जाणार होतं. नाकबाईंच्या नाकी नऊ आले. निशिगंध कमी केला, मध काढून टाकला, ओल्या दगडासारखा वास घातला. सकाळी सगळं कसं थंडगार असे. संध्याकाळी वन्संचा हात हुंगला की मात्र वाटे, काहीतरी चुकतंय, या सुगंधातली बाई बिचारी एकटी पडलीय. मग दुसऱ्या दिवशी मध परत, संत्र्याची फुलं परत, वर थोडी व्हॅनिला.

"हा झकास आहे गं वहिनी," वन्सं म्हणाल्या. "आज शिकायला आलेला पोरगा दोनदा सिग्नल विसरला."

"तो तुमच्या ओरडण्याने विसरला असेल."

वन्सं खदाखदा हसल्या. मग मनगटाकडे बघत एकदम म्हणाल्या, "मी गेल्यावर तुला बरं वाटेल ना? घर शांत होईल."

"तर! टाचणी पडली तरी ऐकू येईल," नाकबाई म्हणाल्या.

वन्सं पुन्हा हसल्या, पण त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही आणि लवकर खोलीत गेल्या. नाकबाईंना ते दिसलं. दारापर्यंत जाऊन त्या परतही आल्या. हुंगायचं म्हटलं तर त्या कुणालाही हार जात नसत, बोलायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटे.

तिसरा नमुना मालकीणबाईंनी स्वतःच्या मनगटावर लावला. अर्धा तास इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, मग त्यांनी डोळे मिटून हुंगलं.

"छे! ही कसली गूढ?" त्या म्हणाल्या. "ही दार न वाजवता आत येईल, माझ्या ताटातलं उचलून खाईल आणि वर मलाच विचारेल, मीठ कमी का घातलंस?"

नाकबाई हसायला लागल्या. साहेबांनी डोळे वटारले तरी थांबेनात. आणि हसता हसता, सगळ्यांसमोर, त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"ती माझी नणंद आहे," त्या म्हणाल्या. "लग्न होऊन चाललीय. मला वाटलं, मी तुमचं काम करतेय."

मालकीणबाईंनी आपल्या हातरुमालाने त्यांचे डोळे पुसले. काम मात्र दिलं नाही. ते दुसऱ्या शाखेकडे गेलं, आणि साहेब नाक कापलं गेल्यासारखे दिवसभर नाकाला रुमाल लावून फिरले. नाकबाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्या दुपारीच घरी निघाल्या. वाटेत चार वाक्यं तीन-तीनदा घोकली.

वन्सं दारातच चपला काढत होत्या. "एवढ्या लवकर? काम मिळालं ना?"

"गेलं," नाकबाई म्हणाल्या, आणि घोकलेलं सगळं विसरल्या. "वन्सं, मला तुमच्याशिवाय करमणार नाही. शांतता-बिंतता काही नकोय मला. तुम्ही जा, सुखाने जा, चांगला माणूस आहे. पण मला फार वाईट वाटतंय. तुम्ही मला फार आवडता, आणि हे मी कधीच सांगितलं नाही."

वन्संनी तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. मग त्या चपलांच्या फळीवर धप्पकन बसल्या आणि भोकाड पसरलं ते असं की वरच्या मजल्यावरचे खाली धावले.

तेवढ्यात फोन वाजला. नाकबाईंनी घेतला. डॉक्टर होते.

"त्यांना आत्ता बोलता येत नाहीये," नाकबाई म्हणाल्या.

"बोलता येत नाहीये? त्यांना?" पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला.

दहाव्या मिनिटाला डॉक्टर धापा टाकत दारात उभे. अंगात पांढरा कोट, हातात औषधांची पेटी, दवाखान्यातला रोगी तोंड उघडं ठेवून तसाच सोडलेला. फळीवर दोघी एकमेकींना बिलगून बसलेल्या.

"काय झालं? कुठे दुखतंय?"

"वहिनीला मी आवडते," वन्सं हुंदके देत म्हणाल्या.

डॉक्टरांनी पेटी खाली ठेवली. "ते तर सगळ्या गल्लीला माहीत आहे. त्यात रडायचं काय?"

"अहो, पण तिने सांगितलं!"