अठरा नावे आणि एक धाव

मित्रांनो, एका माणसाने दुसऱ्याला शब्द दिला आणि पुढे तो आपली खुर्ची सोडून गेला, तर त्या शब्दाचा भार कोणी वाहायचा? जाणाऱ्याने, की त्या खुर्चीवर नव्याने येऊन बसणाऱ्याने? या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक नाही. ज्यांना ते ठाऊक असायला हवे होते, त्यांनाही ते सापडले नाही. त्यांच्यापैकी कोणीही दुष्ट नव्हते, हे मात्र मी आरंभीच सांगून ठेवते. माझी हकिगत ऐकताना तुम्हाला कुणावर तरी रागवावेसे वाटेल, आणि तो राग ठेवायला जागा मिळणार नाही.

मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. काळ्या डबीत गुंडाळलेली अकरा मिनिटांची फीत, एवढेच माझे शरीर. माझा जन्म २००४ सालच्या शरद ऋतूत, न्यू जर्सीतील पार्सिपनी गावी, प्रल्हाद टिपणीस यांच्या घरी झाला. प्रल्हादराव मूळचे पुण्याचे; एका मोठ्या कंपनीत संगणकाचे काम करीत. त्यांची कन्या आश्लेषा तेव्हा अकरावीत होती आणि शाळेच्या संघातून लॅक्रॉस खेळत होती. एका दांडीच्या टोकाला लहानशी जाळी असते. त्या जाळीत चेंडू झेलायचा, सांभाळत पळायचे आणि समोरच्या गोलात टाकायचा, असा हा खेळ. आश्लेषा मात्र गोल करणाऱ्यांतली नव्हती. ती बचावाला उभी राही. तिच्या हातून गोल होत नसत. तिच्यामुळे होता होता राहत असत.

त्या देशात विद्यापीठांचे प्रशिक्षक आपल्या संघासाठी मुली दोन-दोन वर्षे आधी हेरून ठेवतात. मुलींनी आपल्या खेळाची चित्रफीत पाठवायची, प्रशिक्षकांनी ती पाहायची, पसंत पडली तर भेटीला बोलवायचे, अशी तिथली रीत. त्याच कामासाठी मला घडवले गेले.

मालिनीबाईंनी, म्हणजे आश्लेषाच्या आईंनी, वर्षभर मैदानाच्या कडेला उभे राहून चित्रण केले होते. प्रल्हादरावांनी दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून तीन रविवार ते निवडले. आणि मग त्यांनी एक गोष्ट केली, जी त्यांच्यासारख्या माणसालाच सुचावी. ते कोट घालून पुस्तकांच्या कपाटासमोर उभे राहिले आणि त्यांनी माझ्या आरंभी दोन मिनिटे दहा सेकंदांचे प्रास्ताविक नोंदवले. हात जोडून नमस्कार, शाळेचा परिचय, शाळेच्या प्रशिक्षिकेचे आभार, मग संघातील इतर अठरा मुलींची नावे, एकेक करून, सावकाश. शेवटी आपल्या मुलीचे नाव, आणि चित्रणातील उणिवांबद्दल क्षमायाचना.

आश्लेषाने कपाळावर हात मारला. "बाबा, नोबडी डज धिस! डायरेक्ट गेम दाखवायचा असतो."

"अगं, कुणाच्या दारात गेलो की आधी नमस्कार करतो ना आपण? गेल्या गेल्या काय ताटावर बसायचं?"

"अहो, पण अठरा नावं?" मालिनीबाई हसू आवरत म्हणाल्या. "लग्नात आहेर वाचून दाखवतायत असं वाटतंय."

"मग? एकटी खेळते का ती?"

प्रास्ताविक तसेच राहिले.

खंडेनवमीला घरात हत्यारांची पूजा झाली. गाडीच्या किल्ल्या, लॅपटॉप, आश्लेषाची दांडी आणि त्यांच्या शेजारी मी. मालिनीबाईंनी माझ्या पांढऱ्या चिठ्ठीवर, नाव, पत्ता आणि दूरध्वनी लिहिला होता त्याच्या खाली, कुंकवाचे बोट लावले. दुसऱ्या दिवशी मी टपालाने पेनसिल्व्हेनियातील एका विद्यापीठात गेले. माझ्या दोन सख्ख्या बहिणी आणखी दोन विद्यापीठांकडे गेल्या. त्यांचे पुढे काय झाले, ते मला कळले नाही.

तिथल्या प्रशिक्षिकेचे नाव मार्गारेट ड्वायर. केस पांढरे, आवाज घोगरा. त्यांनी मला यंत्रात घातले आणि प्रल्हादराव दिसताच त्या मोठ्याने हसल्या. मला वाटले, संपले सारे. पण चौथ्या-पाचव्या नावाला त्यांचे हसू थांबले. त्या पुढे सरकून बसल्या. त्यांनी मला शेवटपर्यंत पाहिले, मागे फिरवले आणि सहाव्या मिनिटाची ती धाव तीन वेळा पाहिली.

ती धाव मला सांगितलीच पाहिजे. माझ्या आयुष्यात सांगण्याजोगे तेवढेच आहे. प्रतिस्पर्धी मुलगी चेंडू घेऊन एकटी सुटली आहे. गोल जवळजवळ झालेलाच. मैदानाच्या दुसऱ्या अर्ध्यातून आश्लेषा मागे वळते आणि पळत सुटते. सगळे थांबले आहेत, ती एकटी पळते आहे. मालिनीबाईंचा कॅमेरा हलतो आणि त्यांचा आवाज येतो, "आशू, पळ गं!" शेवटच्या क्षणी ती त्या मुलीच्या दांडीवर नेमका टोला मारते, चेंडू सुटतो, ती तो उचलते आणि तत्क्षणी दुसऱ्या मैत्रिणीकडे देऊन टाकते. पुढे त्या मैत्रिणीने काय केले, ते प्रल्हादरावांनी जसेच्या तसे ठेवले आहे.

ड्वायरबाई आपल्या सहायिकेला, टेस नावाच्या तरुणीला, म्हणाल्या, "जो बाप मुलीच्या आधी अठराजणींची नावं घेतो, त्याच्या घरची पोरगी चेंडू धरून बसणार नाही. मला अशीच हवी."

मार्च महिन्यात टिपणीस कुटुंब भेटीला आले. मी फळीवर होते. "आश्लेषा, पुढच्या वर्षी इथे तुझ्यासाठी जागा आहे," ड्वायरबाई म्हणाल्या. "तू आमच्याकडे ये." आश्लेषा हो म्हणाली. प्रल्हादराव उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, आम्हीही शब्द देतो. दुसऱ्या ज्या दोन विद्यापीठांनी विचारलंय, त्यांना आजच नकार कळवतो. त्यांना ताटकळत ठेवणं योग्य नाही."

आश्लेषा हळूच म्हणाली, "बाबा, वेट करू या ना. नोव्हेंबरमध्ये लेटर साइन होतं. आत्ता इट्स जस्ट व्हर्बल."

"जस्ट व्हर्बल म्हणजे काय गं? तोंडानं बोललो ना आपण?"

ड्वायरबाईंना मराठी येत नव्हते, पण 'व्हर्बल' हा शब्द त्यांनी ऐकला. घाई करू नका, असे काहीतरी म्हणण्यासाठी त्यांनी ओठ उघडले, हे मी पाहिले. मग त्यांनी ते मिटले. त्या अर्ध्या क्षणाविषयी मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांना त्या वेळी काही ठाऊक होते, असे मी म्हणणार नाही. एवढेच म्हणेन की इतक्या श्रद्धेने कोणी आपल्याकडे पाहत असले म्हणजे सावधगिरीचा सल्ला देणे फार अवघड जाते.

जुलैत ड्वायरबाईंना दक्षिणेकडील एका मोठ्या विद्यापीठाचे बोलावणे आले. खोके भरताना त्यांनी मला उचलले, कुंकवाच्या बोटावरून अंगठा फिरवला आणि पुन्हा फळीवर ठेवले. "हिची जागा इथेच आहे," असे त्या टेसला म्हणाल्या. ज्यांना शब्द दिला होता अशा पाच मुलींची नावे त्यांनी एका कागदावर लिहिली आणि तो नव्या प्रशिक्षिकेसाठी मेजावर ठेवला. तिसरे नाव आश्लेषाचे होते.

नव्या प्रशिक्षिका कॅरेन लिंडक्विस्ट ऑगस्टमध्ये रुजू झाल्या. त्यांनी कागद वाचला, नीट घडी घातली आणि खणात ठेवला. "मला तीन वर्षं मिळाली आहेत," त्या म्हणाल्या. "जिंकले नाही तर मीही जाईन. मार्गारेट हळूहळू संघ बांधायची. मला उंच मुली हव्यात, वेगवान हव्यात, आणि पहिल्याच वर्षी गोल करणाऱ्या हव्यात. सगळ्या कॅसेट पुन्हा पाहायच्या. प्रत्येकीला एक मिनिट."

चौसष्ट कॅसेट होत्या आणि एकच दुपार. एका मिनिटाचा तो नियम क्रूर नव्हता; सर्वांना सारखा होता. माझ्या आधीच्या कॅसेटमध्ये पहिल्या चाळीस सेकंदांत पाच गोल झाले. मग माझी पाळी आली.

"ही मार्गारेटच्या पाचांतली आहे," टेस म्हणाली.

"लाव."

चक्रे फिरू लागली. प्रल्हादरावांनी हात जोडले. लिंडक्विस्टबाईंनी भुवया उंचावल्या. "हे काय, लग्नाची कॅसेट आहे का?" टेस हसली, पण थोडेसेच. शाळेचा परिचय झाला. आभार झाले. नावे सुरू झाली. मित्रांनो, माझ्या पोटात ती धाव होती. अवघी पाच-सहा मिनिटे पुढे, फितीच्या काही वेढ्यांआड, आश्लेषा मागे वळून पळत होती. पण मला पुढे पळता येत नाही. मला ओरडता येत नाही. ज्या क्रमाने मला घडवले, त्याच क्रमाने मी उलगडते. घड्याळाचा काटा फिरत राहिला आणि माझ्यातला तो सज्जन गृहस्थ सावकाश, आदराने, आठवे नाव उच्चारत राहिला. नववे. दहावे.

"थोडी पुढे घेऊ का?" टेसने विचारले.

"बाकीच्यांना घेतलं का आपण पुढे?"

अकराव्या नावावर बटण दाबले गेले. मी बाहेर आले. आश्लेषा टिपणीस हिचे नाव त्या दुपारी त्या खोलीत उच्चारलेही गेले नाही.

सप्टेंबरअखेर लिंडक्विस्टबाईंनी स्वतः टिपणीसांच्या घरी दूरध्वनी केला. पत्र धाडून मोकळे होणे त्यांना पटले नाही, हेही मी नोंदवते. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"पण कोच ड्वायर यांनी शब्द दिला होता," प्रल्हादराव म्हणाले.

"तो त्यांचा होता, मिस्टर टिपणीस. मी दिलेला नाही."

"आम्ही दुसऱ्या दोघांना नकार कळवला. त्यांच्या जागा आता भरल्या आहेत."

"मला खरंच वाईट वाटतं."

मग प्रल्हादरावांनी फार हळू विचारले, "आपण कॅसेट पूर्ण पाहिलीत का?"

लिंडक्विस्टबाईंनी माझ्याकडे पाहिले. "पुरेशी पाहिली."

"सुरुवातीला मी बोलतो, ते माझं आहे हो. तिचा खेळ त्यानंतर आहे."

मागून आश्लेषाचा आवाज आला, "बाबा, लीव्ह इट. सोडा ना. प्लीज."

"पाहते," असे म्हणून लिंडक्विस्टबाईंनी मला मेजाच्या कडेवर काढून ठेवले. त्यांचा पाहण्याचा विचार होता, असेच मी मानते. दुसऱ्या दिवशी माझ्यावर एक फाइल आली. तिच्यावर दुसरी आली. नोव्हेंबरात निवडलेल्या मुलींनी पत्रांवर सह्या केल्या, आणि मी फाटक्या जाळ्यांबरोबर एका खोक्यात भरले जाऊन तळघरात गेले.

तिथे मी पावणेतीन वर्षे होते. २००८च्या मे महिन्यात लिंडक्विस्टबाईंनाही जावे लागले. त्यांच्या उंच आणि वेगवान मुली गोल करीत होत्या, पण बचावाला मागे परतत नव्हत्या, असे तळघरात खोकी लावणारी माणसे बोलत होती. मला त्याचा आनंद झाला नाही. त्याही एका अर्ध्यावर थांबवलेल्या कॅसेटसारख्याच गेल्या.

पुढच्या प्रशिक्षकांनी तळघर साफ करायला सांगितले. त्या कामावर अबोली नावाची विद्यार्थिनी होती. नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पुढील शिक्षणासाठी आलेली. जुन्या कॅसेटमधले जपण्याजोगे डिस्कवर घ्यायचे, बाकीच्या टाकून द्यायच्या. तिने मला उचलले आणि ती थबकली. "अरे! हे तर कुंकू आहे!"

तिने मला यंत्रात घातले. प्रल्हादरावांनी हात जोडले, आणि त्या पोरीने खोलीत एकटी असताना नकळत प्रतिनमस्कार केला. तिने अठरा नावे ऐकली. क्षमायाचना ऐकली. सहाव्या मिनिटाला "आशू, पळ गं!" हे शब्द आले, तेव्हा ती उभी राहिली आणि ओरडली, "अगं, काय पळतेय ही!"

चिठ्ठीवरच्या क्रमांकावर तिने दूरध्वनी केला. "काकू, मी अबोली. तुम्ही मला ओळखत नाही. तुमची कॅसेट सापडली आहे. मी सगळी पाहिली, शेवटपर्यंत."

पलीकडे मालिनीबाई होत्या. "सगळी पाहिलीस? तू पहिलीच गं बाई, त्या ड्वायरबाईंनंतर." मग त्यांनी सांगितले की आश्लेषा न्यू जर्सीतल्याच विद्यापीठात शिकते. तिथल्या संघात शिरायला उशीर झाला होता. मुलीमुलींनीच चालवलेल्या गटात ती खेळते, आणि शनिवारी गावातल्या लहान मुलींना शिकवते.

मी पार्सिपनीला परतले. खंडेनवमी होती. आश्लेषाने आपली दांडी पूजेत ठेवली आणि शेजारी मला ठेवले. प्रल्हादराव माझ्याकडे पाहत नव्हते.

"ती दोन मिनिटं मी काढायला हवी होती," ते म्हणाले. तीन वर्षे मनात ठेवलेले वाक्य असावे.

"नको बाबा. त्यामुळेच तर ड्वायरने बोलावलं होतं मला." ती त्यांच्याजवळ जाऊन बसली. "माय किड्स आता गेमच्या आधी लाइनमध्ये उभ्या राहून एकमेकींची नावं घेतात. सगळ्यांची. मी शिकवलंय."

"नावं घेतात? मग खेळतात कधी?" मालिनीबाईंनी विचारले.

आश्लेषा हसली. प्रल्हादराव हसले नाहीत, पण त्यांनी हात पुढे करून माझ्यावरची धूळ पुसली.

आता त्या घरात व्हीसीआर नाही. ती धाव माझ्या पोटात आहे आणि ती कुणालाच दिसत नाही. मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या दुसऱ्याची पारख करण्याच्या आसनावर बसाल. तेव्हा समोरचे मूल ज्या गतीने उलगडते, त्या गतीने त्याला उलगडू द्या. आणि आसन सोडून जाल तेव्हा कागदावर नावे लिहून थांबू नका. ज्यांना शब्द दिला, त्यांच्या दारी जाऊन सांगा. याहून अधिक मागण्याचा अधिकार एका कॅसेटला नाही.

मार्गारेटबाई जिथे असतील तिथे त्यांना स्वास्थ्य लाभो. कॅरेनबाईंना कुणीतरी पूर्ण वेळ देवो. अबोलीचे शिक्षण सुफळ होवो. आणि शनिवारच्या त्या मैदानावर मागे वळून पळणाऱ्या प्रत्येक मुलीला, ती पोहोचेपर्यंत, कुणीतरी पाहत राहो.