काजळीखालची संध्याकाळ

मित्रांनो, मी एक जुनं चित्र आहे, आणि मी संध्याकाळ आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण शंभर वर्षं लोक मला रात्र समजत होते.

१८५१ साली इंग्लंडातल्या सफोकमध्ये, नदीकाठी बसून जोसाया थर्कलने मला रंगवलं. संथ पाणी, पिवळं ऊन, चर्चचा मनोरा. पावसात आठवडाभर आसरा देणाऱ्या गावच्या पबला त्याने मला भेट दिलं. पबवाल्यांनी शेकोटीच्या वरच्या भिंतीवर टांगलं. जागा मानाची, पण धुराची. त्यात दर नाताळात मला कापलेल्या कांद्याने पुसायचे. दोन दिवस चमक, मग आणखी काळोखी. शेवटी माझं नावच 'काळोख' पडलं. मला फार राग यायचा.

माझ्याखाली रोज पर्सी गूच बसायचे. वय ऐंशी. त्यांची बायको नदीपलीकडे चर्चच्या आवारात पुरलेली. शेतातल्या पायवाटेने ते रोज तिला भेटून येत. मग हॅलडेन नावाच्या माणसाने ते शेत घेतलं आणि कुंपण घातलं. रस्त्याने फेरा तीन मैलांचा, पर्सींच्या गुडघ्यांना तो झेपेना. लोकांची जुनी वाट मालकालाही बंद करता येत नाही, पण हॅलडेन म्हणाले, "जुनी कसली? आधीच्या मालकाने मेहेरबानी म्हणून जाऊ दिलं, एवढंच." नकाशातही वाट नव्हती.

त्याच वर्षी ईस्टरला पबच्या मालकीण बेरिल यांची भाची हेस्टर जेवायला आली. जुनी चित्रं दुरुस्त करणं हा तिचा धंदा. तिने कापूस थुंकीने ओला केला आणि माझा कोपरा पुसला.

"बेरिल, ही पोरगी चित्रावर थुंकतेय," पर्सी म्हणाले, "आणि मला तू बाकावर पायसुद्धा ठेवू देत नाहीस."

"तुमचे बूट बघा आधी," बेरिल म्हणाल्या.

"थुंकीइतकं सौम्य काही नसतं," हेस्टर म्हणाली. "आणि आत्या, कांदा सूपमध्ये घाल. ही रात्र नाहीये."

काजळी गेली, पिवळं पडलेलं व्हार्निश गेलं. दोन महिन्यांनी माझ्यात ऊन पडलं. शेतातून पायवाट निघाली, आणि तिच्यावरून प्रार्थनेला चाललेली माणसं. पाठीवर जोसायाच्या अक्षरात गावाचं नाव आणि साल.

वाटेचा निवाडा करायला सरकारी अधिकारी आले, गावच्या सभागृहात चौकशी झाली. मला टेबलावर उभं केलं.

"चित्रकार मनचं काहीही रंगवतो," हॅलडेन म्हणाले.

पर्सी काठी टेकत उठले. "मग मनोऱ्याचा पडका कोपराही मनचाच का? तो आजही पडकाच आहे. बाहेर जाऊन बघा."

अधिकारी खरंच बाहेर गेले. भिंगातून मनोरा, नदी, झाडांची रांग, सगळं माझ्याशी ताडून पाहिलं. निकाल आला: वाट लोकांची. कुंपण निघालं त्या दिवशी अख्खं गाव पर्सींच्या मागे चालत गेलं. मी पबच्या भिंतीवर होतो, पण माझी छाती फुलली होती.

मित्रांनो, जुनी गोष्ट काळी पडली तर ती तशीच होती असं धरून चालू नका. जाणत्या हातांकडे द्या. आणि कांदा नको, कळकळीची विनंती आहे.

परवा पर्सी बायकोला भेटून परतले, माझ्यासमोर उभे राहिले आणि माझ्यातल्या पायवाटेवरच्या ओळीतल्या शेवटच्या, मागे पडलेल्या माणसावर काठी रोखून म्हणाले, "चल रे, आपली वाट मोकळी आहे."