'नहर'वरची बकरी

पहिली बकरी सत्यमला दिसलीच नाही. ती लोकांना दिसली.

'नहर' नावाचा नकाशा त्यानं गेमच्या फोरमवर टाकला होता. फोरमवरची माणसं म्हणजे लग्नातले रुसके पाहुणे; पंगतीत काय वाढलंय यापेक्षा काय राहिलंय ते त्यांना आधी दिसतं. कुणी लिहिलं, उत्तरेच्या खेळाडूला दगडाची खाण जवळ पडते, हा अन्याय आहे. कुणाला जंगल फार दाट वाटलं. एकानं तर नुसतंच लिहिलं की रंग उदास आहेत, जसं काही भिंतीला लावायला घेतलाय नकाशा. आणि या सगळ्यांच्या खाली ब्राझीलच्या एकानं विचारलं होतं, 'पूर्वेच्या चढावर ती एकटी बकरी कशासाठी?'

सत्यम वाळूजच्या एका कंपनीत गाड्यांच्या सुट्या भागांची तपासणी करायचा. पहिली पाळी संपवून दुपारी सिडकोतल्या खोलीवर यायचा आणि ताट मांडीवर घेऊनच कॉम्प्युटरसमोर बसायचा. ती ओळ वाचली आणि घास हातातच राहिला. त्या बकरीचा अर्थ जगात दोघांनाच ठाऊक होता, आणि त्यातला एक, त्याचा दोस्त अबुजर, पावसाळ्यात डेंग्यूनं गेला होता.

हा गेम दोन खेळाडूंचा. एक उत्तरेला, एक दक्षिणेला. आपापली गढी सांभाळायची, खाणी खोदायच्या, फौज उभी करायची आणि समोरच्याला बुडवायचं. नकाशे कंपनी बनवतेच, पण खेळणाऱ्यांनाही बनवू देते. लोक ते खेळून बघतात, नावं ठेवतात, बनवणारा दुरुस्त करतो, पुन्हा टाकतो. असं घासूनपुसून जो उरतो तो पुढच्या हंगामाच्या स्पर्धेत घेतात आणि बनवणाऱ्यांची नावं पहिल्याच पडद्यावर झळकतात. अबुजरला ते हवं होतं. गुलमंडीत वडिलांच्या कटपीसच्या दुकानात बसून तो गिऱ्हाइकालाही सांगायचा, 'थांबा, एक दिवस आपलं नाव येणार हाय.' गिऱ्हाईक म्हणायचं, आधी अस्तराचं कापड दाखव.

नकाशा सत्यमनं काढायचा आणि अबुजरनं तपासायचा, अशी दोघांची वाटणी होती. सत्यम कायम उत्तरेकडून खेळायचा, अबुजर दक्षिणेकडून. चूक सापडली की अबुजर लिहून कळवत नसे. लिहिलेलं सत्यम वाचत नाही, वाचलं तर वाद घालतो, हे त्याला पक्कं माहीत होतं. तो सरळ फाईल उघडायचा आणि चुकीच्या जागी एक बकरी उभी करून ठेवायचा, कुणाच्याच बाजूची नसलेली, गेममध्ये शोभेला ठेवतात तसली. सत्यमनं ती शोधायची, तिथलं दुरुस्त करायचं आणि मगच बकरी पुसायची. सत्यम कुरकुरला की अबुजर म्हणायचा, 'माझ्याशी नको भांडू, बकरीशी भांड.'

म्हणजे ही त्याचीच एखादी जुनी बकरी असणार, आपल्या नजरेतून सुटलेली. सत्यमनं स्वतःला तसं समजावलं आणि पूर्वेचा चढ नीट बघितला. चढ एका बाजूनं जास्त उभा होता, दक्षिणेची फौज तिथं धीमी पडत होती. त्यानं तो सारखा केला, बकरी पुसली आणि नकाशा पुन्हा टाकला. लोकांनी कौतुक केलं, म्हणजे त्या भागाबद्दल बोलायचे थांबले.

पुढच्या खेपेला बकरी मधल्या भुयारी नहरीच्या तोंडाशी होती. मग एका खाणीमागं. प्रत्येक वेळी कुणीतरी परदेशातून विचारायचं, ही कशाला, दोन्ही बाजू सारख्या हव्यात ना? आणि प्रत्येक वेळी त्या जागी खरोखरच खोट निघायची. नकाशा उजळत गेला. सत्यमला वाटायचं, गड्यानं जाण्याआधी किती काम करून ठेवलं होतं, आणि मी आंधळ्यासारखा पुढं गेलो.

दिवाळीनंतर मात्र सत्यमला बकरी पश्चिमेच्या पुलावर उभी दिसली. तो पूल त्यानं त्याच आठवड्यात बांधला होता. अबुजर असताना तिथं नुसतं पाणी होतं.

त्यानं भर उन्हात खोलीचं दार उघडं टाकलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. शेजारच्या गच्चीवर कुणी पापड वाळत घालत होतं. जरा धीर आल्यावर आत येऊन त्यानं पूल तपासला. पुलाची रुंदी कमी पडत होती. दोन गाड्या समोरासमोर आल्या की अडकून बसत होत्या.

फाईल दोघांच्या नावावर होती, दोघांनाही आपापल्या घरून उघडता यायची. अबुजरच्या घरात त्याचा कॉम्प्युटर होता. कुणी तो उघडत असेल, धाकटी निलोफर असेल, थट्टा करत असेल; असली थट्टा कोण करेल हा विचार त्यानं मुद्दाम केला नाही. पगारी सुट्टी टाकून तो शहागंजला गेला.

अबुजरची आई शमशाद खाला दारातच म्हणाली, "किती वाळला रे तू. डब्बा खातो का नाय?"

"खातो खाला. निलोफर कुठंय?"

"ससुराल गयी ना परभणीला. महिना झाला."

अबुजरच्या खोलीत कॉम्प्युटर टेबलावरच होता. त्यावर खालाची जुनी ओढणी टाकलेली होती, चारी बाजूंनी नीट खोचलेली. वायर गुंडाळून खिडकीत ठेवली होती. तिच्यावर धूळ नव्हती, खाला रोज पुसत असणार, पण ती भिंतीत लावलेली मात्र नव्हती.

"कुणी लावतं का हा?" सत्यमनं विचारलं.

"कौन लगाएगा? मला येत नाय, त्याच्या अब्बांना बघवत नाय." तिनं ओढणीचं टोक पुन्हा खोचलं. "तो नक्शा झाला का तुमचा? मरायच्या आधी दवाखान्यातसुद्धा बोलत होता, अम्मी, उसमें मेरा नाम आएगा. आला की मला दाखव हां."

"थोडं राहिलंय खाला," तो म्हणाला.

"चहा टाकते, बैठ."

"नको, निघतो. पुन्हा येतो." तो चपला घालून उभा होताच.

परत आल्यावर त्यानं पुलाची रुंदी वाढवली. बकरी पुसताना त्याच्या भीतीच्या तळाशी काहीतरी वेगळंच होतं. तो आनंदला होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो आनंदला होता.

त्यानंतर कंपनीतून यायची त्याला घाई असायची. बसमध्ये शेजारी कोण बसलंय याचं भान नसायचं. मधूनच शहागंजला गेला तरी दारातूनच 'थोडं राहिलंय' सांगून परतायचा. आल्याबरोबर नकाशा उघडायचा आणि एका कडेनं शोधत जायचं. बकरी सापडली की तो तिच्याशी बोलायचा. "हे काय, इथं काय चुकलं? बरं, बघतो. तू लई बारीक बघतोस." दुरुस्त करायला मुद्दाम वेळ लावायचा. पुसून झालं की खोलीतला पंख्याचा आवाज मोठा वाटायचा.

पण माणसाचं काम कधीतरी संपतं, हाच घोळ आहे. एका दुपारी त्यानं सगळा नकाशा दोनदा पालथा घातला आणि बकरी कुठंच नव्हती. फोरमवर लोक खूश होते. उदास रंगवाल्यानं लिहिलं होतं, 'आता बोट ठेवायला जागा नाही.' स्पर्धेची निवड करणारी मार्टा नावाची पोलंडची बाई होती, तिनं कळवलं, 'नकाशा आम्ही घेतोय. शेवटची फाईल आणि बनवणाऱ्यांची नावं या महिनाअखेरपर्यंत पाठवा.'

सत्यमनं ते वाचलं आणि त्याला रडू आलं. आनंदानं नव्हे. नावं पाठवली की काम संपलं, आणि काम संपलं की तो कशाला येईल?

त्या दिवशी त्यानं उत्तरेची एक खाण जरा पुढं सरकवली. कुणाच्या लक्षात न येण्याइतकी. दुसऱ्या दिवशी खाणीजवळ बकरी उभी होती.

मग त्याला चटकच लागली. सकाळभर कंपनीत दुसऱ्यांच्या चुका पकडायच्या आणि दुपारी घरी येऊन आपल्या हातानं चुका पेरायच्या. चढ वाकडा कर, झाड रस्त्यात आण, पाण्याला उथळ कर. बकरी यायची. तो दुरुस्त करायचा आणि शेजारी नवी चूक ठेवून द्यायचा. फोरमवाल्यांना आधी वाटलं हात चुकला असेल, मग ते वैतागले. 'दर खेपेला बिघडतोय.' 'चांगला होता तेव्हा हात आवरायला काय झालं होतं?' ब्राझीलवाल्यानं लिहिलं, 'मित्रा, तू बरा आहेस ना?' सत्यमनं कुणालाच उत्तर दिलं नाही. त्यांना काय सांगणार होता तो? मार्टानं सभ्य शब्दांत बजावलं की मुदत वाढणार नाही, आणि हा असाच राहिला तर दुसरा नकाशा घ्यावा लागेल.

अशात खालाचा फोन आला. "बेटा, आलं का नाव?"

"थोडं राहिलंय," तो म्हणाला, आणि या वेळी ते खोटं होतं. फोन ठेवल्यावर त्याला स्वतःची किळस आली. तरीही तो जाऊन कॉम्प्युटरसमोर बसला.

मुदतीच्या आदल्या दिवशी त्यानं सगळ्यात मोठी चूक केली. मधली नहर, जिच्यावरून नकाशाचं नाव पडलं होतं, जिच्यातून दोन्ही बाजूंची फौज जमिनीखालून जायची, ती त्यानं दक्षिणेकडून बुजवून टाकली. दक्षिणेचा खेळाडू आता कधीच जिंकू शकला नसता. दोस्त हे बघून एक नाही, दहा बकऱ्या उभ्या करील असं त्याला वाटलं. नकाशा तसाच फोरमवर टाकून तो झोपला.

दुसऱ्या दिवशी पाळीवरून आल्यावर त्यानं फाईल उघडली आणि आधी नहर गाठली. बुजवलेल्या तोंडाशी काहीच नव्हतं. आतल्या बोगद्यात नव्हतं. खाणी, पूल, चढ, सगळं धुंडाळलं. मग उत्तरेच्या टोकाला आला, आणि बकरी तिथं होती. उत्तरेच्या गढीच्या दारात, जिथून तो स्वतः कायम खेळाला सुरुवात करायचा, अगदी त्या जागी. तोंड त्याच्याकडं करून उभी.

त्यानं तिथली जमीन तपासली. सपाट होती. खाणीचं अंतर बरोबर होतं, झाडं दोन्हीकडं सारखी. जमिनीत काहीच चुकलेलं नव्हतं.

तो कितीतरी वेळ त्या बकरीकडं बघत राहिला. मग त्याला कळलं, आणि कळल्यावर अंगभर लाज पसरली. अबुजरनं आयुष्यात कधी खोटी बकरी उभी केली नव्हती. बुजवलेली नहर कुणालाही दिसत होती, ती दाखवायला त्याची गरजच नव्हती. न दिसणारी चूक तेवढी तो दाखवायचा.

"बरं," सत्यम म्हणाला. "नाय भांडत."

त्यानं बिघडवलेलं सगळं टाकून दिलं आणि सगळ्यांना आवडलेला जुना नकाशा परत आणला. त्यातही उत्तरेच्या दारात ती उभीच होती. त्यानं मार्टाला फाईल पाठवली, खाली दोन नावं लिहिली, अबुजरचं आधी. नकाशा घेतल्याचं तिचं उत्तर आल्यावर पडद्यासमोर हात जोडावेत की सलाम करावा हे त्याला सुचेना. त्यानं दोन्हीतलं काही केलं नाही, बकरी पुसली, आणि पाठवलेल्या फाईलच्या जागी तिच्याशिवायची फाईल ठेवून दिली. त्यानंतर त्यानं खूपदा नकाशा उघडून बघितला. ती आली नाही.

हंगाम सुरू झाला त्या दिवशी तो शहागंजला गेला. दारात उभ्या उभ्याच त्यानं मोबाईलवर पहिला पडदा उघडून खालासमोर धरला. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिनं चष्मा लावला.

"ह्यात त्याचं कोणतं?"

त्यानं बोट ठेवलं. खालानं त्या अक्षरांवरून हळूच अंगठा फिरवला, त्याबरोबर पडदा सरकला आणि नाव निघून गेलं. त्यानं पुन्हा आणून दिलं. मग ती नुसतीच बघत राहिली, हात मागं घेऊन.

"दूसरा तेरा?"

"हां."

"पूरा हो गया, मतलब."

"झालं खाला. आता काही राहिलं नाही."

त्याला वाटलं होतं ती रडेल, किंवा दुवा देईल. तिनं चष्मा काढला, पदराला पुसला आणि मोबाईल त्याच्या हातात परत दिला. खरं सांगायचं तर तिचा चेहरा उतरला होता.

"मैं रोज दुआ मांगती थी," ती म्हणाली, "के थोडा और बाकी रहे. राहिलंय म्हणून तू यायचास. अब तू काहे को आएगा?"

 गेले कित्येक महिने सत्यम जी भीती एकट्याची समजून कवटाळून बसला होता ती या घरातही होती, आणि तो प्रत्येक वेळी चपला घालूनच तिच्या दारातून परतला होता. ही चूक त्याला कुणी दाखवली नव्हती.

त्यानं चपला काढल्या आणि आत जाऊन बसला. खाला चहा टाकायला उठली.