कालचं ऊन निववणारे महाराज

कोथरूडच्या त्या सोसायटीत शीतलनाथ महाराज भर दुपारी अवतरले, घंटा वाजल्या, आणि झोपमोड झाली म्हणून एकाही बिऱ्हाडानं तक्रार केली नाही. पुण्यात याहून मोठा चमत्कार तो कोणता?

सगळ्यांचे डोळे तळमजल्यावरच्या कॉम्प्युटरकडे लागले होते. गच्चीवरच्या हवामान यंत्राचे आकडे त्यावर दिसत. मंगळवारचं ‘जाणवणारं तापमान’ त्रेचाळीस होतं, हे सर्वांना पाठ होतं. त्याच दुपारी सोसायटीतले श्रीधरराव उन्हात चक्कर येऊन पडले होते. आता त्याच मंगळवारपुढे सदतीस आलं होतं!

“उद्याचं भविष्य कुणीही सांगेल, बालकांनो! आम्ही कालचं ऊन निववतो!” महाराज गरजले. “श्रीधरा, तुला ऊन नव्हे, अश्रद्धा बाधली. उद्या बारा वाजता अनवाणी निघ आणि कात्रजच्या मठात ये.”

“येतो, महाराज.”

त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई पुढे आल्या. “अहो, डॉक्टरांनी उन्हात पाऊल टाकू नका म्हटलंय!”

“अगं, कॉम्प्युटर खोटं बोलेल का?” श्रीधरराव म्हणाले.

बाई विज्ञानाच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी सरळ खुर्ची ओढली.

“मंगळवारचं नुसतं तापमान चाळीस होतं, ते अजून चाळीसच आहे. दमटपणाही तोच. महाराज, आपला महिमा एकाच रकान्यापुरता का?”

“ती सूक्ष्म लीला आहे, माते.”

“असेल. बघू या.” बाईंनी सेटिंग उघडलं. ‘जाणवणाऱ्या तापमानात दुरुस्ती’ यापुढे उणे सहा! “सकाळी पूजेच्या नावाखाली इथं कोण बसलं होतं?”

महाराजांचा शिष्य चपला शोधू लागला.

बाईंनी उणे वीस टाकलं. मंगळवार तेवीसवर आला. “घ्या, महाबळेश्वर!” अधिक वीस टाकलं, तर त्रेसष्ट. हशा पिकला.

“यंत्र तापमान आणि दमटपणा मोजतं, आणि तेवढंच साठवलं जातं. जाणवणारं तापमान कुठेच साठवलेलं नाही. पडद्यावर दाखवताना ते या दोन आकड्यांवरून दरवेळी नव्यानं काढतात. हिशेबात ढवळाढवळ केली, की मागचे सगळे दिवस बदलतात.” त्यांनी शून्य टाकलं. त्रेचाळीस परत आलं. “कॉम्प्युटर सांगितलेलं निमूट करतो. म्हणून हात जोडण्याआधी एवढंच विचारा, हा आकडा मोजलाय की काढलाय? काढला असेल, तर कसा?”

श्रीधररावांचा चेहरा उतरला होता. “सरू, उद्या मी खरंच निघालो असतो गं.”

“निघाला असतात,” बाई म्हणाल्या, आणि इतका वेळ आवरलेलं रडू त्यांना आवरेना. “या महाराजांनी आकडा बदलला हो. ऊन तेवढंच होतं.”