दहापैकी चार

माझ्या सासऱ्यांनी मला पहिल्यांदा गुण दिले, तेव्हा मी ते मागितले नव्हते.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी एका शिपायाचा लाल कोट रंगवत होते. शिपाई म्हणजे प्लॅस्टिकचा, अंगठ्याएवढा, डोक्यावर उंच टोपी आणि खांद्यावर बंदूक. सासरे आमच्याकडे राहायला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. ते मागून आले, शिपाई माझ्या बोटांतून काढून घेतला, उजेडाकडे धरला आणि म्हणाले, “चार.”

“चार काय?”

“दहापैकी. रंग जाड लागलाय. कापडाला घड्या असतात, याला पापुद्रे आलेत.”

शिपाई खाली ठेवून ते बातम्या बघायला गेले. मी मात्र तो शिपाई रगडून धुतला आणि पुन्हा रंगवायला घेतला. जेवायला हाक आली तरी उठले नाही.

ते शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. शाळा सुटून बरीच वर्षं झाली, पण गुण द्यायची खोड सुटली नव्हती. माझ्या नवऱ्याने घासलेल्या भांड्यांना सहा, शेजारणीच्या पडद्यांना तीन, डॉक्टरांच्या अक्षराला शून्य. नवरा लहानपणापासून हे ऐकत आलेला, त्याला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं. मी कुरिअर कंपनीत तक्रारींच्या फोनवर बसते. दिवसभर लोक माझ्या कानात ओरडतात आणि मी ‘आपली अडचण समजू शकते’ म्हणते. घरी येऊन आणखी कोणाचं ऐकून घ्यायची माझ्यात ताकद उरत नाही.

आता कपाटाचं सांगते, कारण सगळं भांडण त्याचंच. बाहेरच्या खोलीत काचेची दारं असलेलं एक कपाट आहे, माझ्या पैशाने घेतलेलं. त्यात माझी खेळणी असतात. खेळणी हा नवऱ्याचा शब्द. शिपाई, घोडे, तोफा, ढोलवाले, सगळे बिनरंगाचे, राखाडी, बरेचसे अजून खोक्यातच. हा नाद असलेल्या कोणालाही विचारा. विकत घेणं हा एक नाद आहे आणि रंगवणं हा दुसरा, आणि मला कित्येक वर्षं पहिलाच जडलेला होता. हे सामान विकणारा दुकानदार दर वर्षाअखेरीला रंगवलेल्या पलटणींचं प्रदर्शन भरवतो. मी दर वर्षी नाव द्यायचे आणि दर वर्षी काहीतरी सबब सांगायचे.

“रोज एक बूट,” तो दुकानदार सांगायचा. “कितीही दमलीस तरी एक बूट रंगव. एक झाला की दुसरा आपोआप होतो.”

मी ते करून पाहिलं. एक बूट व्हायचा आणि मी झोपायला जायचे. माझ्या कपाटात एका बुटाचे बरेच शिपाई होते.

त्यात सासरे आले, आणि त्यांच्याबरोबर त्यांची चित्रं आली. जुन्या चादरींत बांधलेल्या, गुंडाळलेल्या कॅनव्हासच्या वळकट्या. ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्या दाराशी चपलांच्या स्टँडशेजारी उभ्या राहिल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी काचेच्या कपाटासमोर उभं राहून वितीने मापं घेतली.

“यात मावतील,” ते मुलाला म्हणाले. मला नाही.

“त्यात माझं सामान आहे,” मी म्हटलं.

“सामान? अगं, हे तर दुकानातून आणलं तसंच पडलंय. माझी चित्रं चपलांपाशी आणि तुझी खोकी काचेत?”

नवरा मध्ये पडला. मध्ये पडणं म्हणजे तो दोघांकडे बघून आळीपाळीने मान डोलावतो. माझं डोकं फिरलं आणि मी बोलून बसले. “या वर्षीच्या प्रदर्शनाला माझी पलटण पूर्ण झाली नाही ना, तर सगळं विकून टाकते. कपाट तुमचं.”

“ऐकलंस ना रे?” सासरे मुलाला म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर आलेलं हसू मी अजून विसरलेले नाही.

त्या हसण्याने जे केलं ते कोणत्याही बुटाने केलं नव्हतं. मी ऑफिसातून आले की चपला काढायच्या, हात धुवायचे आणि सरळ टेबलाशी बसायचं, असं सुरू झालं. स्वयंपाक नवऱ्याकडे गेला. मैत्रिणींचे फोन मी उचलेनाशी झाले. रोज एक तास, जेवणाची पानं मांडेपर्यंत, आणि त्या तासाच्या शेवटी सासरे यायचे, चष्मा कपाळावरून नाकावर आणायचे आणि आकडा सांगायचे.

“तीन. पट्टा पांढरा आहे की चुना फासलाय?”

“चार. हा चालतोय की याला जागा अडवायला उभं केलंय?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. रात्री अंथरुणात मी त्यांना उत्तरं द्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी ती उत्तरं ब्रशमधून निघायची. पट्ट्याचा पांढरा मी तीनदा बदलला. रंगात पाणी किती घालायचं ते मला त्या माणसाबद्दलच्या द्वेषाने शिकवलं. ढोलवाल्याला पाच मिळाले तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन दार लावून एकटीच हसले. कपाटातली वरची फळी लाल होत गेली. खालची फक्त अधिकाऱ्यांची उरली. घोड्यावर बसलेले, सगळ्यात किचकट.

आणि मग एके दिवशी सासरे म्हणाले, “आठ.”

मी वर पाहिलं.

“छान जमलाय,” ते म्हणाले. “हात बसलाय आता तुझा.”

दुसऱ्या दिवशी अर्धवट घोड्याला नऊ. तिसऱ्या दिवशी त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “सूनबाई, आता रोज कशाला जीव काढतेस? येतंय तुला. एखाद दिवस आराम कर.”

मी आराम केला. एक दिवस, मग आणखी एक. टेबलाशी बसलं तरी ब्रश उचलवेना. घोड्याकडे बघायचे आणि वाटायचं, होईल, येतंय आपल्याला. बरं वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्यात आठवडा गेला, मग दुसरा. अधिकारी राखाडीच राहिले. प्रदर्शन तोंडावर आलं.

आधी मला नवऱ्याचा संशय आला. “तू सांगितलंस ना त्यांना, माझं कौतुक करा म्हणून?”

“मी कशाला सांगू?” तो म्हणाला. “तुम्ही दोघं भांडत असता तेव्हा मला टीव्ही तरी मिळतो.”

मला ते पटलं, कारण तो इतकी खटपट कोणासाठीच करत नाही. मग मी एक शिपाई मुद्दाम बिघडवला. रंगात थेंबभर पाणी न घालता लिंपला. एक डोळा छताकडे, दुसरा शेजाऱ्याकडे. मिशी हनुवटीवर उतरवली. बूट काढले ते जणू चिखलातून चालत आलाय. असा शिपाई मी त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो उजेडात धरला. बराच वेळ बघितला. त्यांचा ओठ हलला, म्हणजे आतून काहीतरी वर येत होतं आणि ते दाबत होते.

“नऊ,” ते म्हणाले. “डोळ्यांत भाव आहेत.”

“बाबा, खरं सांगा.”

“खरंच सांगतोय.”

“याचे डोळे एका डोक्यातले तरी वाटतात का?”

त्यांनी शिपाई खाली ठेवला, समोरची खुर्ची ओढली आणि बसले. लाजले वगैरे अजिबात नाहीत.

“आयुष्यभर पोरं शिकवली मी,” ते म्हणाले. “ओरडा खाऊन चित्रं सोडणारी थोडी. ओरडा खाल्लेली पोरं तर मला दाखवायला म्हणून काढत बसायची, तुझ्यासारखी. संपतात ती कौतुकाने. वर्गातला सगळ्यात हुशार पोरगा होता, त्याची मी वर्षभर वाहवा करत राहिलो. पुढे त्याने ब्रश हातात धरला नाही. तेव्हा चूक झाली होती. या वेळी समजून केलं.”

“कपाटासाठी?”

“कपाटासाठी. माझी चित्रं चपलांपाशी आहेत.”

मला वाटलं मी रडणार आहे, पण ते रडणं नव्हतं. इतका संताप मला तक्रारींच्या फोनवरही कधी आला नव्हता. “हलकट आहात तुम्ही,” मी म्हटलं. सासऱ्यांना असं म्हणायचं नसतं हे मला ठाऊक आहे. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. सासऱ्यांनी मात्र मान हलवली, उत्तर बरोबर आलं की मास्तर हलवतात तशी.

मी त्यांच्यासमोरच पहिला घोडा ओढून घेतला. मला पुन्हा चिडवल्याची चूक त्यांना तेव्हाच कळली असावी. कारण ते म्हणाले, “आता नको, जेवायची वेळ झालीये,” आणि त्यांचा आवाज जरा पडला होता.

उरलेल्या दिवसांत मी माणसात नव्हते. दोनदा आजारपणाची रजा टाकली आणि दोन्ही दिवस धडधाकट बसून लगाम रंगवले. सासरे आकडा सांगायला आले नाहीत. मीही विचारला नाही, कारण त्यांच्या कोणत्याच आकड्यावर आता विश्वास नव्हता. कुठे रंग जाड झाला, कुठे घोडा नुसताच उभा आहे, ते मलाच दिसायला लागलं होतं. पलटण पूर्ण झाली. प्रदर्शनात दुकानदाराने ती दारासमोरच्या टेबलावर मांडली आणि मी तिच्या मागे दिवसभर उभी राहिले. सासरे आले नाहीत. मी बोलावलंही नव्हतं.

पलटण कपाटात परत आली. मी काचेचं दार लावलं, तेव्हा सासरे मुलाला म्हणत होते, “रविवारी रद्दीवाल्याला बोलव. त्या वळकट्या देऊन टाक. इथे ओलीने तशाही जाणारच आहेत.”

नवऱ्याने मान डोलावली.

मला वाईट वाटायला हवं होतं; वाटलं नाही. मी जिंकले होते, आणि कोणाविरुद्ध जिंकले ते बघावं एवढंच मनात होतं. सासरे आंघोळीला गेल्यावर मी एका वळकटीची गाठ सोडली आणि कॅनव्हास टेबलावर पसरला.

एका गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी होत्या. बाकी काही नाही. दोरी, चिमटे, वारा आणि चादरी. मी खाली वाकले. सहा महिने पट्ट्यांच्या पांढऱ्याशी झगडलेली बाई मी, मला ते लगेच दिसलं. चादरींत पांढरा रंग कुठेच नव्हता. फिका निळा होता, पिवळट होता, मातकट होता, आणि तरी चादरी इतक्या पांढऱ्या होत्या की डोळे बारीक करावे लागले. मला सासऱ्यांचा राग आला. ज्याला हे येतं, त्याने ते चादरीत बांधून चपलांपाशी ठेवावं आणि माझ्या घोड्यांवर टपून बसावं?

“कोणी उघडायला सांगितलं?” सासरे दारात उभे होते, खांद्यावर टॉवेल, केस ओले.

मी सरळ झाले. ते पुढे आले नाहीत, चित्राकडे बघतही नव्हते. माझ्याकडे बघत होते.

“मग?” शेवटी ते म्हणाले. “किती?”

चित्र नऊचं होतं. पण या घरात नऊने काय होतं ते मी भोगलं होतं. नऊ म्हटलं असतं तर ते समाधानाने हसले असते, वळकटी बांधली असती आणि रविवारी रद्दीवाल्याच्या हातात दिली असती.

“चार,” मी म्हटलं.

त्यांचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. “चार? कुठे चुकलंय?”

“हा खालचा कोपरा. कंटाळा आल्यावर उरकलाय.”

“उरकलाय? तिथे सावली आहे.”

“सावली कशाची ते चादरीला तरी कळतंय का?”

ते टॉवेलसकट टेबलाशी आले, चष्मा नाकावर घेतला आणि त्या कोपऱ्यावर वाकले. मग माझ्या ब्रशांचा पेला पुढे ओढून त्यांनी एकेक ब्रश वर काढून पाहिला आणि परत टाकला.

“यातला एकही कामाचा नाही,” ते म्हणाले. “उद्या येताना मोठा आण. चपट्या केसांचा. आणि उजेड अडवू नकोस, बाजूला हो.”

मी बाजूला झाले.